फायरफिश वारंवार उडी मारतो किंवा लपून बसतो: इंदूरच्या घरातील खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी समस्या निवारण

खाऱ्या पाण्याचा लहान टँक ठेवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. फायरफिश आणला, काही दिवस तो खडकाच्या भोकातून बाहेरच आला नाही, नंतर थोडा फिरू लागला, आणि एका सकाळी स्टँडच्या मागे फरशीवर सुकलेला सापडला. त्याच्या जागी दुसरा आणला, तर त्याचेही तेच झाले. दुकानदार म्हणतो, हा मासा उड्या मारतोच, आणि तिसरा देऊ करतो. हे खरे असले तरी अर्धेच खरे आहे. फायरफिश उडी मारतो तो घाबरल्यामुळे, आणि त्याला घाबरवणारी गोष्ट टँकमध्ये किंवा खोलीत तशीच राहिली, तर तिसऱ्याचेही तेच होणार. म्हणून नवा मासा आणण्याआधी मागचा मासा कधी गेला हे आठवून लिहून काढावे: दिवसा की रात्री, उन्हाळ्यात की इतर वेळी, आणल्यावर पहिल्याच आठवड्यात की सगळे सुरळीत झाल्यावर, आणि त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत टँकमध्ये काय बदलले होते. या नोंदीवरून कारण बहुतेक वेळा पकडता येते.

आधी माशाविषयी थोडे, कारण त्याशिवाय पुढचे लक्षात येणार नाही. फायरफिशचे शास्त्रीय नाव नेमाटेलिओट्रिस मॅग्निफिका. पूर्व आफ्रिकेपासून पॅसिफिकमधील बेटांपर्यंत, आपल्याला जवळच्या मालदीवमध्येही, प्रवाळ खडकांच्या बाहेरच्या उतारावर तो आढळतो, बहुतेक ६ ते ३० मीटर खोलीवर. लांबी ८-९ सेंटीमीटरच्या पलीकडे जात नाही. तो तळापासून वीतभर उंच, प्रवाहाकडे तोंड करून एकाच जागी तरंगत राहतो आणि वाहत येणारे कोपेपॉडसारखे सूक्ष्म जीव टिपतो. धोका जाणवला की क्षणात खालच्या बिळात शिरतो. पाठीवरचा लांब काटा तो सारखा वर-खाली हलवत असतो, आणि बिळात शिरल्यावर त्याच काट्याने स्वतःला अडकवून घेतो. त्याच्याजवळ बचावाचे दुसरे कोणतेही साधन नाही; तो चावत नाही, भांडत नाही, विषारीही नाही. बीळ जवळ नसेल, किंवा बिळावर दुसऱ्याने कब्जा केला असेल, तर तो जो मार्ग मोकळा दिसेल तिकडे झेपावतो, आणि काचेच्या पेटीत असा मार्ग बहुधा वरच असतो. लपून बसणे, न खाणे आणि उडी मारणे या तीन तक्रारी म्हणूनच वेगळ्या समजू नयेत.

झाकण

झाकणाचा विषय आधी संपवतो, कारण त्यात वाद घालण्यासारखे काही नाही. फायरफिश असलेला टँक उघडा ठेवायचा नाही. पूर्ण काचेचे झाकण मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाळावे. त्याने उष्णता कोंडते आणि पृष्ठभागावरची हवेची देवाणघेवाण मंदावते. खिडक्यांना मच्छरजाळी बसवून देणाऱ्याकडून टँकच्या मापाची अ‍ॅल्युमिनियमची चौकट करून घ्यावी आणि तिच्यात ५-६ मिलिमीटर छिद्रांची पारदर्शक नायलॉनची जाळी ताणून बसवावी. नेहमीची बारीक मच्छरजाळी प्रकाश अडवते, आणि लोखंडी जाळी खाऱ्या हवेत गंजून पाण्यात उतरते. महत्त्वाची गोष्ट कोपऱ्यांची आहे. हीटरची वायर, पंपाचा पाइप आणि फिल्टरची नळी यांसाठी ठेवलेली दोन बोटांची फट या माशाला पुरते, आणि भेदरलेला मासा नेमका त्याच कोपऱ्यात अडकलेला असतो. खाच वायरच्या जाडीएवढीच कापावी.

झाकणाने मासा फरशीवर पडणे थांबते, त्याची भीती जात नाही. जाळीवर रात्री टपटप आवाज येत असेल, किंवा माशाच्या डोक्यावर खरचटलेले दिसत असेल, तर पुढचे वाचावेच लागेल.

रात्री किंवा वीज गेल्यावर घडते

मासा सकाळी फरशीवर सापडत असेल, तर पहिला संशय दिव्यावर घ्यावा. समुद्रात अंधार हळूहळू पडतो आणि त्या वेळात हा मासा आपल्या बिळाशी परततो. घरात मात्र टायमर एका क्षणात पूर्ण प्रकाशाचा मिट्ट काळोख करतो, आणि वरच्या पाण्यात असलेल्या माशाला बीळ सापडत नाही. आपल्याकडे त्यात विजेची भर पडते. उन्हाळ्यात संध्याकाळी वीज गेली की दिवा आणि पंप एकदम बंद, आणि वीज परत आली की स्वस्त एलईडी दिवा थेट पूर्ण उजेडाने पेटतो. काही घरांत इन्व्हर्टरवर जाताना आणि परत येताना दिवा दोनदा लुकलुकतो. घरातल्यांच्या ते लक्षातही येत नाही, माशाच्या येते.

यावरचा उपाय साधा आणि स्वस्त आहे. मुख्य दिवा इन्व्हर्टरवर घेऊ नये. त्याऐवजी एक-दोन वॉटचा लहानसा निळा दिवा कायम इन्व्हर्टरवर ठेवावा, म्हणजे वीज गेली तरी काळोख पूर्ण होत नाही. नवा दिवा घेणार असाल, तर हळूहळू चढणारा आणि उतरणारा घ्यावा, आणि वीज परत आल्यावर तो कसा पेटतो हे दुकानातच प्लग काढून-लावून पाहावे. जुनाच दिवा चालवायचा असेल, तर मुख्य दिवा बंद होण्याआधी अर्धा तास खोलीतला दिवा लावून ठेवावा आणि मुख्य दिवा गेल्यानंतर मग खोलीतला बंद करावा. पंपांपैकी किमान एक मात्र इन्व्हर्टरवर असावाच, त्याचे कारण पुढे उष्णतेच्या भागात येईल.

आवाज आणि हादरे यांचाही याच सदरात विचार करावा. अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांच्या (सजवलेल्या देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) मार्गावर किंवा रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या, वाटेवर घर असेल, तर डीजेच्या ठोक्याने काच थरथरते, आणि त्या रात्री मासा बिळातून बाहेर पडण्याची अपेक्षा ठेवू नये. तेवढ्यापुरते दिवे मंद ठेवणे आणि जाळी नीट बसली आहे ना हे पाहणे, यापलीकडे करण्यासारखे काही नाही. टँक भिंतीला टेकवलेला असेल आणि त्या भिंतीच्या पलीकडे पाण्याची मोटर असेल, तर मात्र चार-पाच सेंटीमीटर पुढे ओढून स्टँडखाली रबरी पट्ट्या घालणे फायद्याचे ठरते.

नवा मासा आल्यानंतर घडते

शेजारी हे सर्वांत अधिक आढळणारे कारण आहे आणि सर्वांत उशिरा कबूल केले जाणारेही, कारण भांडखोर मासा सहसा सुंदर असतो आणि स्वस्त मिळालेला असतो. निळे डॅमसेल आणि डोमिनो डॅमसेल नव्या टँकसाठी "चिवट मासे" म्हणून दिले जातात. ते खरोखर चिवट असतात, आणि चार महिन्यांनी सगळा टँक आपलाच समजू लागतात. डॉटीबॅकचेही तसेच आहे. जोडी जमून अंडी घालू लागलेले क्लाउनफिशही आपल्या कोपऱ्यात कोणाला येऊ देत नाहीत. फायरफिशला एखाद्या माशाने प्रत्यक्ष चावण्याची गरज नसते. दिवसातून दहा वेळा बिळापर्यंत पाठलाग झाला, तरी तो खाणे सोडतो.

हे पकडण्यासाठी टँकसमोर उभे राहून उपयोग नाही, कारण माणूस समोर आला की सगळे मासे खाण्याच्या आशेने काचेशी येतात आणि भांडणे थांबतात. फोन एखाद्या स्टूलवर टेकवून अर्धा तास चित्रण करावे आणि खोलीबाहेर जावे. त्यात फायरफिश फिल्टरच्या पाइपामागे, वरच्या कोपऱ्यात, शेपूट खाली करून उभा दिसला, तर त्याचे बीळ दुसऱ्याच्या ताब्यात गेले आहे असे समजावे. वरच्या कोपऱ्यात राहणारा मासा उडीपासून एका झटक्याच्या अंतरावर असतो.

दोन फायरफिश एकत्र ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण समुद्रात ते बरेचदा जोडीने दिसतात. ती जोडी त्यांनी स्वतः जमवलेली असते. नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत, आणि दुकानातून उचललेले दोन मासे एकाच लिंगाचे निघाले, तर शंभर लिटरच्या टँकमध्ये त्यांतला दुबळा काही दिवसांत कोपऱ्यात ढकलला जातो. इतका शांत मासा आपल्याच जातीच्या दुसऱ्याला मात्र सहन करत नाही, हे ऐकून लोकांना नवल वाटते. लहान टँकमध्ये एकच ठेवावा, ही माझी ठाम सूचना आहे. तो एकटा असल्याने खंतावत नाही.

उपाय म्हणजे त्रास देणारा मासा काढणे. तो जाळ्याने पकडायला गेले की सगळे खडक उलथावे लागतात, म्हणून प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा आत बसवावा, आत थोडे खाद्य टाकावे आणि बाटली तळाशी ठेवावी. डॅमसेल धीट असल्यामुळे त्यात आधी तोच शिरतो. काढायचा नसेल, तर निदान खडकांची मांडणी बदलावी, म्हणजे जुनी हद्द मोडते, आणि नवा फायरफिश पहिले काही दिवस भोके पाडलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत, सर्वांना दिसेल पण कोणाला शिवता येणार नाही असा, टँकमध्येच ठेवावा. टँक नव्याने उभारत असाल, तर फायरफिश सर्वांत आधी आणि आक्रमक मासे सर्वांत शेवटी, किंवा मुळीच नाहीत, हा क्रम ठेवावा.

बिळे पुरेशी असावीत. अर्धा किंवा पाऊण इंची पीव्हीसी पाइपाचे तुकडे आणि एल्बो खडकाखाली वाळूत अर्धवट पुरून ठेवले, तर सॅनिटरीच्या दुकानातून पन्नासेक रुपयांत काम होते आणि खडकाआड ते दिसतही नाहीत. माशांची संख्या जितकी, त्याहून दोन-तीन भोके जास्त असू द्यावीत. येथे एक कायदेशीर बाब सांगणे आवश्यक आहे. भारतीय किनाऱ्यावरून काढलेले प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. "जिवंत खडक" या नावाखाली कोणी प्रवाळाचे तुकडे देऊ करत असेल, तर ते घेऊ नयेत. भाजलेल्या सिरॅमिकचे सच्छिद्र खडक मिळतात आणि पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या जिवाणूंना ते चालतात.

एप्रिल ते जूनमध्ये घडते

माळव्याचा उन्हाळा कोरडा असतो, आणि खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी हा कोरडेपणा उष्णतेइतकाच महत्त्वाचा आहे. टँकमधून फक्त पाणी उडते. मीठ तिथेच राहते. समजा टँकमध्ये प्रत्यक्ष १०० लिटर पाणी आहे, खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) आहे आणि पंखा लावल्यामुळे रोज ३ लिटर पाणी उडते. एका दिवसाने खारटपणा ३६ होतो, तीन दिवसांनी ३८.५, आणि चार दिवस कोणी लग्नाला गेले असेल, तर परत येईपर्यंत तो ४० च्या आसपास पोहोचलेला असतो. इथपर्यंतचे नुकसान मासा बहुधा सोसतो. पुढचे नुकसान माणूस करतो, कारण घरी येऊन तो पातळी खाली गेलेली पाहतो आणि बारा लिटर गोडे पाणी एका बादलीने ओततो. काही मिनिटांत खारटपणा पाच पीपीटीने खाली येतो, मासा धावपळ करतो, आणि "काल सगळे ठीक होते" अशी तक्रार येते. याहून वाईट म्हणजे काही जण पातळी भरायला पुन्हा खारे पाणीच घालतात, म्हणजे खारटपणा उतरतच नाही आणि आठवड्यागणिक वाढत जातो.

काचेवर बाहेरून चिकटपट्टीची खूण करावी आणि पाणी त्या खुणेखाली गेले की रोज सकाळी व रात्री थोडे थोडे गोडे पाणी घालावे. ऑटो टॉप-ऑफचे, म्हणजे उडालेले पाणी आपोआप भरणारे यंत्र घेता आले तर उत्तम, पण त्याच्या साठ्याची बादली टँकच्या दहाव्या हिश्शापेक्षा मोठी ठेवू नये. फ्लोट अडकला, तर सगळी बादली आत रिकामी होते. चार दिवसांची रजा घेणाऱ्यांनी शेजारच्यांना पाणी मोजून बाटल्यांत भरून द्यावे आणि खाद्याचा डबा मात्र दृष्टीआड ठेवावा, कारण शेजारी प्रेमाने जास्त खायला घालतात.

खारटपणा मोजण्यासाठी काट्याचे प्लास्टिक हायड्रोमीटर वापरत असाल, तर त्याच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. काट्यावर एक बुडबुडा किंवा मिठाचा थर बसला, तरी तो चुकतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि तो शुद्ध पाण्याने नव्हे, तर ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रवाने जुळवावा, कारण आपल्याला अचूकता तिथेच हवी असते. विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचेच दुसरे माप) १.०२५ च्या जवळ असावे, पण १.०२४ असून स्थिर असेल, तर ते १.०२५ आणि १.०२८ यांच्यात हेलकावणाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगले.

भरण्याचे पाणी कोणते, हा प्रश्न इंदूरमध्ये विशेष किचकट आहे. जलूदहून चढवून आणलेले नर्मदेचे पाणी बऱ्याच वसाहतींत एक दिवसाआड येते, आणि मधल्या दिवशी त्याच गच्चीवरच्या टाकीत बोरिंगचे कठीण पाणी चढते. म्हणजे नळाला आज जे पाणी आहे ते उद्या असेलच असे नाही. त्यामुळे आरओचे पाणी वापरावे लागते, आणि इथे एक गंमत आहे. घरातले आरओ यंत्र पिण्यासाठी बनवलेले असते, म्हणून त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, जो चव राहावी यासाठी थोडे मूळ पाणी परत मिसळतो. त्या पाण्याचा टीडीएस ५० ते १५० असू शकतो. टँकला तो शून्याच्या जवळ हवा. बाष्पीभवनाने हे क्षार साचत जातात, कारण रोज ३ लिटर म्हणजे महिन्याला जवळजवळ संपूर्ण टँकभर पाणी आपण वरून घालतो. तंत्रज्ञाकडून कंट्रोलर पूर्ण बंद करून घ्यावा, किंवा आरओच्या गाळण-पडद्याच्या लगेच पुढून वेगळी नळी काढून तिला उरलेले क्षार काढणारे डीआय रेझिनचे कार्ट्रिज जोडावे. हल्ली "कॉपर" म्हणून विकली जाणारी यंत्रे तर टँकसाठी वापरूच नयेत. तांब्याचे अगदी कमी प्रमाणही कोळंबी, गोगलगायी आणि फायरफिश ज्यांवर टपून असतो ते कोपेपॉड मारते. आजीने तांब्याच्या घागरीत भरून ठेवलेले पाणी माणसांना द्यावे, टँकला नको.

आता उष्णता. या माशाला २४ ते २७ अंश मानवते. मे महिन्यात दुपारी बाहेर ४१-४२ अंश असताना बंद खोलीतला टँक सहज ३१-३२ वर जातो. माशाला त्या वेळी पहिली उणीव ऑक्सिजनची भासते. ३५ पीपीटी खाऱ्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सुमारे ६.२, आणि इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच असल्याने हवेचा दाब कमी, म्हणून हे आकडे आणखी पाच-सहा टक्क्यांनी उतरतात. त्यातच पहाटे वीज जाऊन पंप बंद पडला, तर रात्रभर सगळ्यांनी वापरलेला ऑक्सिजन भरून निघत नाही. मासा वर येऊन पृष्ठभागापाशी तोंड उघडझाप करतो आणि तिथून उडी मारतो. पंप इन्व्हर्टरवर हवा असे वर म्हटले ते यासाठी. इन्व्हर्टर नसेल, तर वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप ठेवावा.

पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा आपल्या कोरड्या हवेत २ ते ४ अंश उतरवून देतो, जे मुंबईच्या दमट हवेत त्याला जमत नाही. पाण्याचा कूलर ज्या खोलीत आहे तिथे टँक असेल, तर खोली थंड राहते आणि बाष्पीभवनही कमी होते, हा दुहेरी लाभ आहे. मात्र कूलरच्या पाण्यात डासांसाठी औषध किंवा सुगंधी द्रव्य घालू नये. टँकमध्ये बर्फ टाकू नये. अगदीच नाइलाज झाला, तर झाकण घट्ट लावलेली गोठवलेली बाटली सोडावी, आणि तीही अशी की तासाभरात एका अंशापेक्षा जास्त उतार होणार नाही.

डासांच्या औषधाविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण फार थोडे लोक त्याचा संबंध टँकशी जोडतात. प्लगमध्ये लावायची बाटली, कॉइल आणि फवारे यांत पायरेथ्रॉइड वर्गातील रसायने असतात, आणि ती माशांना व कोळंबीला अतिशय विषारी असतात. एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ओढतो. पावसाळ्यानंतर, डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत धूर फवारला जातो आणि दुसऱ्या दिवशी टँकमधली कोळंबी मेलेली व फायरफिश भेदरलेला आढळतो, याचे कारण पाण्याच्या चाचणीत दिसत नाही. टँकच्या खोलीत मच्छरदाणी वापरावी, फवारणीच्या वेळी खिडक्या आणि एअर पंप दोन्ही बंद ठेवावेत, आणि संशय आला, तर फिल्टरमध्ये नवा सक्रिय कोळसा घालून एक चतुर्थांश पाणी बदलावे.

हिवाळ्यात इंदूरच्या रात्री ८-१० अंशांपर्यंत उतरतात आणि उलट बाजूची अडचण येते. शंभर लिटरला १०० ते १५० वॉटचा हीटर आणि त्याच्यावर वेगळा तापमान नियंत्रक, एवढ्याने काम भागते.

पहिल्याच आठवड्यात घडते

आणल्यावर सात-आठ दिवसांत मासा जात असेल, तर दोष आपल्या टँकचा कमी आणि बदलाचा अधिक असतो. समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरात मासा पिशवीत अनेक तास काढून येतो. बंद पिशवीत त्याच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पाणी आम्लाकडे झुकते. त्यामुळे साचलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणूनच लांबून आलेली पिशवी उघडून त्यात दोन तास थेंब थेंब पाणी सोडण्याची लोकप्रिय पद्धत अशा माशाला अपाय करते. पिशवी बंद असतानाच टँकमध्ये तरंगवून तापमान जुळवावे, मग उघडून लगेच खारटपणा मोजावा आणि मासा पिशवीतल्या पाण्याशिवाय उचलून सोडावा.

कुठे सोडावा, हे त्या मोजणीवर ठरते. अनेक दुकाने मिठाचा खर्च वाचावा आणि परजीवी कमी व्हावेत म्हणून आपले पाणी १.०१८ ते १.०२० वर ठेवतात. तिथला मासा एकदम १.०२५ मध्ये टाकला, तर त्याच्या शरीरातले पाणी बाहेर ओढले जाते; खारटपणा उतरण्यापेक्षा चढणे माशाला कठीण जाते. चाळीसेक लिटरचा साधा वेगळा टँक, त्यात स्पंज फिल्टर, हीटर, दोन पीव्हीसीचे एल्बो आणि वर जाळी, एवढे तयार ठेवावे. त्यातले पाणी दुकानाच्या खारटपणाचे करावे आणि रोज ०.००१ ते ०.००२ इतकेच चढवावे. तिथेच तीन-चार आठवडे मासा निरोगी आहे का आणि खातो का हे पाहता येते.

न खाणाऱ्या माशाच्या बाबतीत बरेचदा खाद्याऐवजी खाद्याची हालचाल चुकलेली असते. तो पृष्ठभागावर तरंगणारे पापुद्र्यासारखे खाद्य उचलायला वर येत नाही आणि वाळूवर पडलेला दाणा वेचत नाही. त्याला अन्न डोळ्यांसमोरून वाहत जाताना हवे असते. मोठा पंप बंद आणि लहान पंप चालू ठेवून, ड्रॉपरने गोठवलेले मायसिस किंवा आर्टेमिया (दोन्ही कोळंबीसारखे बारीक जीव) प्रवाहाच्या वरच्या बाजूला सोडावे, दिवसातून दोन-तीन वेळा आणि अगदी थोडे. अडून बसलेल्या माशाला जिवंत आर्टेमियाची पिल्ले द्यावीत. हवेचा जोरदार बुडबुडा असलेल्या खाऱ्या पाण्यात २८ अंशांच्या आसपास त्यांची अंडी साधारण २४ तासांत फुटतात, आणि पिल्ले त्याच दिवशी द्यावी लागतात, कारण त्यांच्यातला पोषक बलक लवकर संपतो. गोठवलेल्या खाद्याची पट्टी घेताना घन चौकोनी तुकडे नीट आहेत का ते पाहावे. कडा वितळून पुन्हा गोठलेली पट्टी खराब समजावी. (इंदूरच्या पुष्कळ शाकाहारी मराठी घरांत फ्रीजरमध्ये कोळंबी ठेवण्यावरून जो प्रश्न उभा राहतो, त्यावर पाण्याच्या रसायनशास्त्रात उत्तर नाही. स्क्रूच्या झाकणाचा, वेगळ्या रंगाचा डबा आणि घरातल्या ज्येष्ठांची आधीच घेतलेली परवानगी, हाच अनुभवाचा मार्ग दिसतो.) मासा नियमित खाऊ लागला की बारीक दाणेदार खाद्य मिसळत जावे आणि फ्रीजरवरचे अवलंबन कमी करावे.

आजार आहे का

लपणारा प्रत्येक मासा घाबरलेलाच असतो असे नाही. श्वासाचा वेग पाहावा. मासा प्रकाश टाळतो, पंपाच्या धारेत तोंड देऊन उभा राहतो, कल्ले फार वेगाने चालतात आणि अंगावर बारीक धुळीसारखा थर दिसतो, तर ती मरीन वेल्वेट (एका परजीवीची लागण) असण्याची दाट शक्यता आहे, आणि तीत दिवस नव्हे, तास महत्त्वाचे असतात. मिठाच्या कणांसारखे सुटे पांढरे ठिपके क्रिप्टोकॅरिऑन या दुसऱ्या परजीवीचे असतात आणि त्यात थोडा अवधी मिळतो. दोन्हींवरचा तांब्याचा औषधोपचार वेगळ्या टँकमध्येच करावा, जिथे खडक नाही, वाळू नाही आणि कोळंबी नाही. आणि बाटलीवरील प्रमाण त्याच प्रकारच्या तांब्यासाठी असलेल्या चाचणी किटने तपासत राहावे. मुख्य टँक त्या काळात माशांविना रिकामा ठेवावा लागतो. त्यासाठी ७६ दिवसांचा प्रघात आहे.

मासा दिसेनासा झाल्यास

तो मेला असे लगेच धरू नये. फायरफिश आठवडाभरही खडकात राहू शकतो. रात्री लाल प्रकाशाच्या बॅटरीने पाहिले, तर तो बिळाच्या तोंडाशी दिसतो. नंतर ओव्हरफ्लोचा कप्पा (जिथून जादा पाणी खाली जाते), संप (टँकखालची गाळणटाकी), फिल्टरची पिशवी आणि मागे टांगलेल्या फिल्टरचा डबा तपासावा, कारण हा मासा पाण्याबरोबर तिथे जाऊन पोहोचतो आणि दिवसेंदिवस तिथेच जगतो. फरशीवर मुंग्यांची रांग स्टँडमागे जात असेल, तर तिच्या मागे जावे. अमोनियाची चाचणीही करावी. ती शून्य आली म्हणून मासा जिवंत आहे असे मात्र होत नाही, खेकडे आणि किडे एका रात्रीत सगळे फस्त करतात.

फरशीवर मासा सापडला आणि त्याचे कल्ले ओले असतील, तर तो वाळलेला वाटला तरी टाकून देऊ नये. टँकच्याच पाण्याने ओल्या केलेल्या हाताने उचलावा, अंगाला चिकटलेली धूळ त्याच पाण्यात हलवून सुटू द्यावी, ओढून काढू नये, आणि भोकांच्या पेटीत, एअर स्टोनजवळ, दिवे बंद करून ठेवावा. तासाभरात कल्ल्यांची हालचाल सुरू झाली, तर अनेकदा तो वाचतो. फाटलेले पर काही आठवड्यांत भरून येतात. पुढचे दोन दिवस त्याला त्या पेटीतच राहू द्यावे, आणि तेवढ्या वेळात जाळीचा तो कोपरा बुजवून टाकावा.